तुडीलच्या धक्क्यावरची हौशी होडी

"आधी पोच द्या, मग बोलू."

अर्ज टेबलावर ठेवायचा, त्यावर बोट दाबून धरायचं आणि हे वाक्य म्हणायचं. शिक्का उमटेपर्यंत बोट उचलायचं नाही. महाडच्या कचेरीत आवक-जावक सांभाळताना मी रडणारे, ओरडणारे, ओळखी सांगणारे असे नाना तऱ्हेचे अर्जदार पाहिले. कुठल्या ना कुठल्या खिडकीपाशी तुम्हीही पाहिले असतील. पण शिक्क्याची शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत उभे राहणारे तुडीलचे हे काका एकटेच. सुरुवातीला मला त्यांचा वैताग यायचा, हे कबूल करतो.

बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं बॉयलर सांभाळला. निवृत्त झाल्यावर लोक घरावर मजला चढवतात. यांनी जुनी होडी घेतली. तुडीलच्या जुन्या धक्क्याला ती बांधायची, रोज सकाळी सावित्रीच्या वळणापर्यंत वल्हवत जायचं आणि परत यायचं. जाळं नाही, गळ नाही.

"काय आणलंत काका?" कुणी विचारलं की म्हणायचे, "काय नाय. तीस वरसं वाफ खाल्ली, आता वारा खातो."

त्यांची बायको मात्र त्या होडीत एकदाही बसली नव्हती. काकूंना पाण्याची धास्ती. त्या काठावरूनच "लांब जाऊ नका हो" म्हणत आणि होडी परतेपर्यंत तिथून हलत नसत.

मग एका खाजगी कंपनीने तिथलं बंदर चालवायला घेतलं. नवी जेटी झाली, केबिन आली आणि एक भलामोठा फलक लागला. मच्छीमारांना माफी, हौशी होड्यांना दरमहा शुल्क. जेटीपुरतं एक वेळ ठीक होतं, पण गावाच्या जुन्या धक्क्यालाही तेच लागू केलं. शहरातल्या दोन-तीन हौशी मंडळींनी मुकाट्याने पावती फाडली. यांनी माझ्याकडे पहिला अर्ज आणला.

"काका, होडीत एक जाळं टाकून ठेवा," मी सुचवलं. "मच्छीमार म्हणून सुटाल." माझं डोकं कचेरीतलं, ते असंच चालणार.

"खोटं कशाला? मी हौसच करतो. आमच्यासारख्यानं हौस करू नये असं कुठं लिवलंय?" मग त्यांचा आवाज खाली आला. "भाऊसाहेब, आमच्या वाडीतली जुनी माणसं ह्याच महाडात तळ्याच्या पाण्याला हात लावायला गेली, ती काय पावती फाडून नाय."

मी शिक्का मारला.

शुल्क भरलं नाही म्हणून कंपनीने होडी साखळीने खुंटाला जखडून कुलूप घालायला लावलं. पहारेकरी घाटावरचा, खाडीला नवखा. त्याने ऐन ओहोटीला साखळी आवळली. भरतीला होडी वर येते, म्हणून खाडीकाठचा माणूस दोराला ढील ठेवतो. हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मला स्थळपाहणीला पाठवलं, त्या दिवशी नेमकं उधाण. होडीचं तोंड साखळीने खाली धरलेलं, लाटेगणिक पाणी आत, आणि काका होडीत उभे राहून डब्याने ते उपसतायत.

"अहो, कुलूप तोडा की!" मी ओरडलो.

"तोडलं तर चोर मीच ठरणार. तुम्ही लिवा."

मी लिहीत होतो, ते उपसत होते. किल्ली कंपनीच्या साहेबाकडे, तो साहेब मुंबईला, पहारेकरी घामाघूम. शेवटी त्याला राहवेना. चपला काढून तोही दुसरा डबा घेऊन होडीत चढला. ओहोटी लागेपर्यंत दोघे उपसत राहिले आणि होडी वाचली. माझा वैताग त्या दिवशी संपला. पासष्टीच्या त्या माणसाचा मला अभिमान वाटला आणि माझ्या जाळ्याच्या सल्ल्याची लाज.

माझ्या अहवालावरून साखळी निघाली, पण शुल्काचा प्रश्न तसाच राहिला. सुनावणीच्या तीन तारखा पडल्या. चौथीच्या आधी एका सकाळी काकांच्या छातीत कळ आली आणि ते गेले.

चौथ्या तारखेला कंपनीचा माणूस फाईल घेऊन हजर. "अर्जदार हयात नाहीत, होडी वापरात नाही. अर्ज निकाली काढावा." नियमाला धरूनच बोलत होता. अर्ज गेला की जुना धक्काही गेला, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत काकू बसल्या होत्या.

"होडी आता कोण चालवतं?" आमच्या कचेरीच्या साहेबांनी विचारलं.

मी नोंदीसाठी पेन उघडलं.

"मी," काकू म्हणाल्या.

"येते तुम्हाला?"

"नाय. शिकते हाय. पुढली तारीख द्या."

साहेबांनी पुढची तारीख दिली.

रविवारी मी मुद्दाम तुडीलला गेलो. होडी धक्क्यापासून चार हातांवर जागच्या जागी गोल फिरत होती. तिला बांधलेल्या दोराचं टोक काठावर उभ्या पहारेकऱ्याने दोन्ही हातांनी धरलं होतं. होडीत काकू पदर खोचून, वल्ही घट्ट धरून बसलेल्या, आणि डोळे गच्च मिटलेले.

"काकू, डोळे उघडा!" मी काठावरून ओरडलो.

"उघडले की भ्या वाटतं!" त्या तशाच ओरडल्या आणि वल्ही पुन्हा पाण्यात घातली.