सोनूकाकीचं प्रेशर कोण वाढवतंय?

पूर्णगडच्या अलीकडे आमची वाडी. तिथे सोनूकाकीचा पुरा विश्वास एकाच माणसावर आहे, आणि ते माणूस म्हणजे सोनूकाकी. दुकानातून किलोभर मीठ आणलं तरी पिशवी हातावर झुलवून विचारणार, "ह्यातला शंभर गिराम कुटं गेला रे मेल्या?" तिचा नवरा भागोजीकाका चाळीस वर्षं मुंबईला गोदीत राबून घरी परतला, तर त्याचीही चौकशी अजून चालूच आहे. "गनपतीला येयाचा नि शिमग्याला येयाचा. मदी काय केलान, मना काय ठावं?"

भागोजीकाका यावर फक्त खाकरतो. खाकरला की काकीचा संशय आणखी वाढतो.

काकी आगळ करते. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली मिठात मुरवून, उन्हात ठेवून काढलेला तो दाट लाल रस. आजूबाजूच्या पाच गावांत तिच्याच बाटल्या जातात. पण गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. पिकलेला रातांबा कुठला, कच्चा कुठला, कळेना. आगळाचा एक घाणा नासला आणि गिऱ्हाइकांनी बाटल्या परत केल्या. तेव्हापासून काकीने एकच धरलं होतं: मे महिन्यात रातांबे उतरायच्या आत एक डोळा तरी उघडायचा.

जानेवारीत रत्नागिरीला डोळ्यांचं शिबिर होतं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, मोजलं आणि म्हणाले, "आजी, एकशे नव्वदवर एकशे चार. एवढ्या प्रेशरवर ऑपरेशन नाही करत. आधी हे खाली आणा."

काकी घरी आली ती फुरफुरतच. "यंत्रातला आकडा मना दिसत नाय म्हून कायबी सांगतात! माजा नंबर त्येंच्या कुनाला तरी देयाचा असंल."

उपकेंद्रातली नर्स दीपालीताई घरी आली. काकीने आधी दंड पुढे केलाच नाही. "पयला तुजा बग." दीपालीताईने स्वतःचं मोजलं. मग भागोजीकाकाचं. मग काकीचं. आकडे ऐकून काकी म्हणाली, "ह्येंचा बरा नि माजाच वायट? ह्येंनी कायतरी केला!"

"काकी, ऐक तरी. वरचा आकडा म्हणजे काळीज दाबून रक्त पुढे ढकलतं तेव्हाचा जोर. खालचा म्हणजे ते सैल पडतं तेव्हाचा. एकशे वीसवर ऐंशीच्या आसपास असलं की उत्तम. पुन्हा पुन्हा मोजून एकशे चाळीस किंवा नव्वदच्या वर येत राहिलं की मग औषध."

"माजा डोका दुकत नाय, गरगरत नाय. मग जास्ती कसा?"

"तेच तर! प्रेशर आवाज करत नाही. आतल्या आत मेंदूचं, किडनीचं नुकसान करून ठेवतं."

"म्हंजे गुपचूप येतो," काकी डोळे बारीक करून म्हणाली. हे मात्र तिला लगेच पटलं. असली माणसं तिच्या पुष्कळ ओळखीची होती.

गोळी सुरू झाली. रोज सकाळी काकी ती चावून बघायची, खडूची तर नाही ना. तरी मार्चच्या शिबिरात पुन्हा एकशे ऐंशीवर शंभर. पुन्हा परत. आता रातांब्याला जेमतेम दोन महिने उरले होते. काकी पडवीत बसून एकेकाचं नाव घेत होती: डॉक्टर, गोळीवाला, यष्टीचा ड्रायव्हर (लय आदळवलान म्हणून), आणि अर्थात भागोजीकाका.

दुसऱ्या दिवशी दीपालीताई आली तेव्हा काकी पेल्यात काहीतरी लालभडक ओतत होती.

"हे काय गो काकी?"

"आगळ. प्रेशर म्हंजे उष्णता. आगळ थंड. पयली दिसाला दोन पेले घेयत हुती, डॉक्टरनी हाकललान तवापासनं तीन."

"आणि मीठ किती घालतेस यात?"

काकीची मान ताठ झाली. "पाच किलो सालीला एक किलो. त्या बिगर वरीसभर टिकंल व्हय?"

दीपालीताई मटकन खाली बसली. "काकी, मीठच प्रेशर वाढवतं गो! एका हाताने गोळी घेतेस नि दुसऱ्या हाताने मीठ पितेस!"

काकीने पेला खाली ठेवला. बाटलीकडे तिने अशी रोखून नजर लावली, जशी आजवर फक्त भागोजीकाकाकडे लावली होती. भागोजीकाका या खेपेला मोठ्याने खाकरला.

पेले बंद झाले. खारवलेली सुकी मासळीही डब्यात बंद झाली. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली. दाताला लावायची तंबाखूची मिसरी सुटली नाही, पण मोजायच्या आधी अर्धा तास मिसरी नाही, चहा नाही, आणि पाच मिनिटं पाय जमिनीला टेकून गप्प बसायचं, असं ठरलं. यातलं गप्प बसणं काकीला सगळ्यात जड गेलं.

एप्रिलअखेर तिसरं शिबिर. डॉक्टर म्हणाले, "एकशे अठ्ठेचाळीसवर शहाऐंशी. छान! एवढं ऑपरेशनला चालतं."

"परत बगा."

"आजी, चांगलं आलंय!"

"चांगला आलाय म्हून तर इचारत्ये. येकदम कमी कसा झाला? सेल गेला असंल."

डॉक्टरांनी पुन्हा मोजलं, दुसऱ्या दंडालाही मोजलं. दोन-चार आकड्यांचा फरक. तेवढा असतोच, असं त्यांनी समजावलं. काकीने तोही फरक लक्षात ठेवला. त्याच दिवशी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

मे महिन्यात ती अंगणात रातांबे निवडू लागली. कच्चा दिसला की बाजूला. त्याच आठवड्यात उपकेंद्रात गेली, पाच मिनिटं गप्प बसली. दीपालीताईने पट्टा फुगवला, आकडा बघितला आणि म्हणाली, "एकशे चाळीस. झ्याक आहे काकी."

काकी पुढे वाकली. नवा डोळा यंत्राला लावला.

"एकशे चव्वेचाळीस हाय."

"अगो, साधारण तेवढंच. तुला उगाच घोर नको म्हणून..."

"वरचं चार कुटं गेलं?" काकी खुर्चीत मागे टेकून बसली. तिचा चेहरा असा फुलला होता, जसा वर्षभरात कुणी बघितला नव्हता. "लिव्ह. माज्या समोर लिव्ह. चव्वेचाळीस."