सुकन्येच्या पैशाला नारळ

एका मंगळवारी मी माझ्या मुलीचं लग्न ठरवून टाकलं. ही बातमी गावात सगळ्यात शेवटी मला कळली.

मी जाफराबाद तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षक आहे. अकरा वर्षांपूर्वी मार्च महिन्यात पगारातून टॅक्स कापला जाणार म्हणून माझा जीव नुसता कासावीस झाला होता. तेव्हा शाळेतले एक सर म्हणाले, "पोरगी आहे न तुम्हाला? मंग पोस्टात सुकन्येचं खातं काढा. टॅक्स बी वाचतो आन् पोरीच्या शिक्षणाला बी होतं." मी धावत जाऊन खातं काढलं. पुढं मात्र जगाला दरवर्षी हेच सांगत आलो, की लेकीच्या शिक्षणासाठी मी पोटाला चिमटा काढतो. (चिमटा खरा होता, पण तो माझ्या बायकोच्या, म्हणजे सुमनच्या पोटाला!)

यंदा ऋतुजा अठराची झाली आणि परभणीला अन्नतंत्राच्या डिग्रीला तिचा नंबर लागला. फी गुरुवारी पाचच्या आत भरायची, नाहीतर जागा गेली! मी ठरवलं, घरात चकार शब्द काढायचा नाही. एकदम पैसे आणून लेकीच्या हातावर ठेवायचे. पण एवढ्या मोठ्या कामाला एकट्यानं कसं जायचं? थोरले चुलते दत्तूतात्या यांना सोबत घेतलं. त्यांनी आणखी तीन म्हातारे जमवले. चौघांच्या डोक्यावर कडक टोप्या, मांडीवर नारळ, दोन किलो पेढे आणि भाड्याची जीप!

"काम होईस्तोवर कुणाला काही बोलायचं न्हाई," मी सगळ्यांना बजावलं.

आता आमच्या भागात टोप्या, नारळ आणि जीप एकत्र निघाली की माणसं कुठंतरी सुपारी फोडायलाच निघालेली असतात. हे सगळ्या गावाला माहीत होतं. मलाही होतं, पण त्या दिवशी डोक्यात शिरलं नाही.

पोस्टात तात्यांनी थेट खिडकीखालीच नारळ वाढवायला घेतला.

"ओ बाबा, नारळ बाहेर!" कारकून ओरडले. मग पासबुक बघून मला म्हणाले, "पोरगी कुठंय?"

"मी तिचा बाप आहे न."

"पोरगी अठराची झाली. आता खातं तिनंच चालवायचं. तिची सही, तिचं आधार आन् ॲडमिशनचं पत्र लागतं. तुमचं इथं काही काम न्हाई, सर!"

आम्ही पाच जण हात हलवत बाहेर आलो. "तात्या, पेढ्यांचं काय करायचं?" मी विचारलं.

"वाटून टाकू. काम तर उद्या व्हणारच हाय."

आणि गावात येऊन आम्ही खरंच पेढे वाटले! कशाचे म्हणून कुणी विचारलं, की तात्या ओठांवर बोट ठेवून गोड हसायचे. (माझाच हुकूम!) लाजेपोटी मी घरात काहीच बोललो नाही. सकाळी ऋतूला घेऊन गुपचूप जाऊ म्हटलं.

बुधवारी सकाळी मंडपवाला काशिनाथ मोटारसायकलवर हजर. "सर, तारीख जल्दी सांगा, बुकिंग फुल होऊन राह्यली!" त्याच्या मागोमाग बँडवाला आला. तेवढ्यात धावड्याहून मेहुणीचा रडत फोन, "दाजी, सख्ख्या मावशीला विचारलं बी न्हाई?" सुमन लाटणं घेऊनच बाहेर आली.

"अहो, पोराचं नाव तरी सांगा मला!"

"कोणतं पोरगं?"

"तेच विचारून राह्यले मी!"

एवढ्या गोंधळात ऋतू घरात नाही, हे उशिराच लक्षात आलं. कपाटातलं पासबुक गेलं होतं. तिथं चिठ्ठी होती, 'मला शिकायचंय. माझ्या शिक्षणाच्या पैशात माझं लग्न होऊ देणार नाही.'

वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं मी शिक्षण शिक्षण म्हणून छाती बडवली, आणि दोन किलो पेढ्यांनी पोरीचा माझ्यावरचा विश्वास उडवला!

"सर, नवरी पळाली! बसा मागं!" काशिनाथनं गाडीला किक मारली. पाठीमागून टोप्यांची जीप निघाली.

पोस्टात ऋतू खिडकीपाशी उभी राहून अर्ज भरत होती. मी दारातूनच ओरडलो, "ऋतू, लग्नबिग्न काही न्हाई गं! कालचे पेढे ह्याच पैशाचे होते!"

रांगेतला प्रत्येक माणूस माझ्याकडं वळला.

"खरंय, पोरी," तात्या धापा टाकत म्हणाले, "नारळ बी ह्या पोस्टासाठीच आणल्ता."

"आणल्ता," कारकुनांनी साक्ष दिली, "मीच हाकललं ह्यांना."

ऋतूनं आधी कपाळावर हात मारला आणि मग ती अशी हसत सुटली, की टेबलाला धरून उभी राहिली. हसू आवरल्यावर तिनं ठसठशीत सही केली. दुपारपर्यंत पैसे तिच्या बँकेच्या खात्यात आले. तिथंच बाकावर बसून तिनं मोबाइलवरून फी भरली आणि मोबाइल उंच धरून ओरडली, "पप्पा, भरली!"

काशिनाथनं शिट्टी मारली, रांगेनं टाळ्या वाजवल्या आणि मी सगळ्यांदेखत रुमालानं डोळे पुसले. आवाज ऐकून पोस्टमास्तर बाहेर आले. माझ्याकडं बोट करून त्यांनी ऋतूला विचारलं, "हे कोण?"

"आधी ह्या खात्याचे पालक होते," ती म्हणाली. "आता नुसते माझ्यासोबत आलेत."

"मग त्यांना म्हणा, बाहेर थांबा!"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा मला पोस्टातून बाहेर काढलं. पण या वेळी मी इतक्या ताठ मानेनं बाहेर पडलो, की पायरीवरच्या एका आजींनी मलाच पोस्टमास्तर समजून नमस्कार केला आणि पेन्शन कधी येणार ते विचारलं!