मर्विनची पाणसळ

हुल्डाबाईच्या मोटारघरात तव्यावर फोडलेलं अंडं कधी कडेला पळालं नाही. ॲरिझोनाच्या त्या वाळवंटी तळावर ही साधी गोष्ट नव्हे. दर हिवाळ्याला उत्तरेकडची म्हातारीकोतारी आपापली चाकांवरची घरं घेऊन तिथं उतरतात. पण जमीन बघाल तर नुसती खडीची, उंचसखल, मधनंच ओघळीनं खाल्लेली.

हुल्डाबाईचा नवरा मर्विन हा पाणसळीचा माणूस. गाडी थांबली की इंजिन निवायच्या आत गडी पोटावर झोपून गाडीखाली. चार कोपऱ्यांच्या चार जॅकखाली लाकडाचे ठोकळे सारायचे, आत येऊन दांडे ओढून जॅक खाली सोडायचे, टेबलावर पाणसळ ठेवायची, तिच्या नळीतला बुडबुडा बघायचा, पुन्हा बाहेर. बुडबुडा मधोमध आल्याबिगर बाईला कॉफी ठेवायची परवानगी नव्हती.

तळावरचे बाकीचे बाप्येही त्यातलेच. नवी गाडी आली की चार म्हातारे खिशात हात घालून बघायला हजर. "डावीकडं मान टाकलीय बरं का गाडीनं," असं त्यातला एखादा पुटपुटला की मालकाचं तोंड उतरायचं, जशी काही पोरगीच पळून गेली त्याची. मर्विनच्या गाडीकडं बोट करायची मात्र कुणाची टाप नव्हती.

तो जाऊन दोन हिवाळे झाले. नॉर्थ डाकोटातलं गव्हाचं रान विकून दोघांनी ही गाडी घेतली, तेव्हा सगळं गाव हसलं होतं. हसू देत म्हणाली हुल्डाबाई. जन्म गेला बर्फ उपसण्यात, उरलेला तरी उन्हात काढू. तेव्हापासून जागा ठरलेली : तळाच्या पार टोकाला, ओघळीच्या काठावर, उतारावरची. मर्विननं भोवती दगड मांडून आळं केलेलं. तिन्हीसांजेला दोघं पुढच्या दोन खुर्च्यांवर बसायची, मर्विन स्टेअरिंगमागं, ती त्याच्या शेजारी, आणि त्या मोठ्या काचेतनं समोरचे डोंगर तांबडे व्हायचे, मग जांभळे. बोलायची फारशी नाहीत. मर्विनला त्या वेळी बोललेलं खपायचं नाही आणि तिला बोलण्यासारखं काही उरलेलं नसायचं. पण तसं गप्प बसण्यातला गोडवा तिला तो गेल्यावर कळला.

तो गेल्यावर लोकांना वाटलं, म्हातारी आता गाडी काढते कसली. पण परकरात असल्यापासनं ट्रॅक्टर हाणलेली बाई ती. एकटीनं गाडी आणली, त्याच जागी लावली, त्याच्यासारखीच पोटावर झोपून ठोकळे सारले, जॅक सोडले, बुडबुडा मधोमध आणला, मग कॉफी ठेवली.

आणि औंदा पुन्हा काच गेली. या गाडीला पुढं दोन काचा, मध्ये खांब. त्यातली चालवणाऱ्याच्या बाजूची. एका सकाळी खालच्या कोपऱ्यातनं बारीक रेघ निघाली, आणि आठवड्याभरात पार डोळ्यासमोर येऊन उभी राहिली.

उत्तरेकडनं, फार्गोहून लेकाचा, कर्टचा फोन आला. "आई, पुरं झालं आता. ती गाडी बनवणारी कंपनीसुद्धा मेली. खालची खोली रंगवून ठेवलीय तुझ्यासाठी."

"तळघर म्हण की सरळ."

"खिडकी हाय तिला."

"खिडकीतनं गवताची मुळं दिसतात, कर्ट. मी बघितलीय." मग तीच म्हणाली, "असं करू. काच बसली तर एप्रिलात माझी गाडी मी हाणत येईन. न्हाई बसली, तर विमानाचं तिकीट काढ आणि गाडी घाल भंगारात."

बोलताना बोलून गेली, आणि फोन ठेवताच काचवाल्याचा नंबर शोधायला लागली.

काचवाला रुफिनो जवळच्या युमा गावचा. दारोदार फिरून, माणसाच्या अंगणात जाऊन काचा बसवणारा. भंगारवाले पालथे घालून त्यानं एक काच मिळवली, मागनं जळालेल्या गाडीची. घोंगडीत गुंडाळून आणली आणि उतरवायच्या आधीच सांगून टाकलं, "बाई, ही फुटली तर दुसरी न्हाई. माझ्या नावानं बोंबलू नका मग."

"मी बोंबलत नसते. तू बसव."

बातमी फुटली तशी तळावरची सगळी घडीच्या खुर्च्या घेऊन आली. शेजारीण बर्निस तर विणकामासकट. रुफिनोनं जुनी काच काढली. रबराची पट्टी नवी घातली, तिच्या खाचेत चौफेर दोरी भरली, साबणाचं पाणी फासलं. काच बाहेरनं दाबायची आणि आतनं दोरी ओढत जायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावर आपोआप चढतो, अशी ती रीत. गुडघे दुखणारे दोन म्हातारे काच धरायला पुढं झाले.

काच बसेना. तीन कोपरे जागेवर, चौथा, खालचा डावा, बोटभर बाहेर.

"भोकच वाकडं झालंय," रुफिनो म्हणाला. "जोर लावला तर बसंल. न्हाईतर फुटंल."

"लाव की जोर," काच धरलेला एक म्हातारा म्हणाला. "माझे हात गळाय लागले."

"तुझं सगळंच गळाय लागलंय," बर्निस टाका मोजता मोजता म्हणाली.

हुल्डाबाईचं तिकडं ध्यान नव्हतं. ती त्या कोपऱ्याकडं बघत होती. रेघ निघाली होती ती इथनंच. आणि त्याच्या आधीची काच? तीही इथनंच. या गाडीनं एवढ्या वर्षांत काचा खाल्ल्या, त्या सगळ्या याच कोपऱ्यातनं गेल्या. मर्विन दर खेपेला खडी उडवणाऱ्या ट्रकवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरायचा. पण रस्त्यावर असताना काच कधी गेली? एकदाही नाही. डाकोटापासून इथवर सगळे खड्डे खाऊन धड यायची आणि इथं उभ्या उभ्या फुटायची. कानांत आवाज आला तिच्या. पहाटे अंथरुणात असताना 'टक्' करून वाजलेला. मर्विन कुशीवर वळून म्हणालेला, "थंडीनं वाजतंय. नीज."

ती वाकली आणि गाडीखाली बघितलं. पुढचं डावं चाक ठोकळ्यांच्या उतरंडीपायी जमिनीपासनं वीतभर वर, लोंबकळत. सगळा सांगाडा पिळलेला, पिळलेल्या फडक्यागत.

"काच बाजूला घ्या," ती म्हणाली. "गाडी जॅकवरनं उतरवते."

म्हातारे चपापले. "अगं हुल्डे, मर्विननं बसवून दिलेली जागा ती. घर तिरकं व्हईल."

"होऊ दे."

तिनं आत जाऊन जॅकचे दांडे ओढले. गाडी कण्हली, कुरकुरली, कपाटातल्या बश्या एकमेकींवर घसरल्या, आणि चाक भुईला टेकलं. रुफिनोनं काच पुन्हा धरली. चारी कोपरे जागेवर. दोरी ओढली, रबर सळसळत चढत गेलं.

"तुला ठाऊक होतं का रे?" तिनं रुफिनोला विचारलं.

"संशय होता." तो हात पुसत म्हणाला. "पण या तळावर कुणाला जॅक काढ म्हणायचं म्हंजे, बाई... मागं एकाला म्हटलं, त्यानं कुत्रं सोडलं अंगावर."

जॅक पुन्हा लावायचे नाहीत, म्हणजे त्या उतारावर राहता यायचं नाही. खाटेवरनं माणूस गडगडत दाराशी जाईल. हुल्डाबाई दगडांच्या आळ्याकडं घटकाभर बघत राहिली. मग स्टेअरिंगमागं बसली, इंजिन चालू केलं आणि नव्या काचेतनं बघत गाडी ओघळीच्या काठावरनं खाली घेतली, हिसके खात, पार रस्त्याच्या कडेच्या सपाट पट्टीला, जिथं कुणी राहत नाही.

बर्निस खुर्ची ओढत मागनं आली. "इथनं डोंगर दिसायचे न्हाईत. ट्रक तेवढे दिसतील."

"दिसू देत."

"मर्विनला चाललं नसतं हे."

"मर्विननंच फोडल्या सगळ्या," हुल्डाबाई म्हणाली, आणि कॉफी ठेवायला आत गेली.

कर्टला फोन लावला तेव्हा कॉफी उकळत होती. काच बसली म्हणाली. मग कोपऱ्याचं, चाकाचं, पाणसळीचं सगळं सांगितलं. पलीकडं पोरगा हसायला लागला, थेट बापासारखा, नाकातनं.

"आता बाबांना सांगायचं कुणी?"

"मीच सांगीन की, जाईन तवा," हुल्डाबाई म्हणाली. "आधी एप्रिलात घरी येऊ दे."