चालवणार कोण ते आधी सांगा

“चेसिस सडलीय असं सांगा ना पप्पांना. तुमचं ऐकतील ते.”

प्रवीण पाटील माझ्या वर्कशॉपच्या दारात उभं राहून हे म्हणाला. चेसिस म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा. तो सडला की वरून गाडी कितीही चकचकीत असो, ती भंगारातच जाते. मी तर तासभर त्याच गाडीखाली उताणा पडून, सांगाडा हातोडीनं ठोकून बघून नुकताच बाहेर आलो होतो. केसांत गंज आणि ग्रीस होतं. सांगाडा खणखणीत होता.

“सडलेली नाहीये ती,” मी म्हणालो.

“ते मला पण माहितीय, अंकल. पण बोलायला काय जातंय? किसको पता चलेगा?”

“मला.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट कळलं. गाडी घेण्याआधी ती तपासून द्यायची आणि खरं सांगायचं, हा माझा धंदा. आधी एका मोठ्या कंपनीच्या सर्व्हिस खात्यात वीस वर्षं काढली, मग गिरगावातून इकडे बेव्हर्ली पार्क वसाहतीत राहायला आल्यावर भाईंदर वेस्टला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. लोक माझ्याकडे गाडी आणतात ती माझ्या शब्दासाठी. तो शब्दच हा मुलगा भाड्यानं मागत होता.

हे प्रकरण सुरू झालं ते जनूभाऊंमुळे. जनार्दन पाटील, प्रवीणचे वडील, इथल्याच राई गावचे. घरची मिठागरं आणि भातशेती होती. तरुणपणी ते स्वतः मिठाचा ट्रक चालवायचे. पुढे जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, घरात पैसा आला आणि त्याबरोबर तिवारी नावाचा ड्रायव्हर आला. त्या दिवसापासून जनूभाऊंच्या हातातलं स्टिअरिंग गेलं. मालकानं स्वतः गाडी चालवणं शोभत नाही, असं घरात ठरलं. कुणी ठरवलं, ते मला आजवर कळलेलं नाही. बासष्टाव्या वर्षी हा माणूस मागच्या सीटवर बसून स्वतःच्या गावातून हिंडायचा आणि वळण आलं की त्याचा उजवा हात नकळत मांडीवरून उचलला जायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक दिवस ते एकटेच आले. म्हणाले, “सामंत, मना एक गाडी पायजे. कामाला न्हाय. मजेला. मी सोता चालवनार. पन घरी पटल अशी बगा.”

दोन गाड्या समोर आल्या. एक जुनी, सत्तर सालच्या सुमाराची विलायती. दोन दारांची, हिरवी, कापडी छप्पर मागे पडणारी, मागे दोघांना कशीबशी मावेल अशी बाकडीवजा सीट. एका डॉक्टरांनी ती विकायला माझ्याकडे ठेवली होती. दुसरी जपानी, एका बिल्डरनं बाहेरून आणवलेली, जेमतेम वर्षभर वापरलेली. लालभडक, जमिनीला टेकलेली, फक्त दोन सीटांची. ती प्रवीणनं शोधली होती. त्याचं लग्न मे महिन्यात होतं आणि त्याला लग्नात त्या गाडीतून उतरायचं होतं.

मग एका रविवारी अख्खं पाटील कुटुंब माझ्या वर्कशॉपमध्ये आलं. प्रवीण, त्याचे थोरले काका, काकू, आत्या. मुलगी बघायला यावी तशी मंडळी गाड्या बघायला आली होती. चहा झाला. कुणी रंगाबद्दल बोललं, कुणी दार उघडून लावून बघितलं. थोरल्या काकांनी जुनीच्या टायरला लाथ मारली आणि म्हणाले, “ही दारात उभी केली तर लोक बोलतील, पाटलांचं पैसं संपलं.” माना डोलल्या.

“आता टेस्ट ड्राइव्ह,” प्रवीण म्हणाला आणि लाल गाडीची किल्ली तिवारीच्या हातात दिली.

मला वाटलं, तिवारी गाडी फक्त गेटबाहेर काढून देणार. पण जनूभाऊ मुकाट्यानं शेजारच्या सीटवर जाऊन बसले आणि तिवारी गाडी घेऊन निघाला. परत आल्यावर सगळ्यांनी जनूभाऊंना विचारलं, “कशी वाटली?” अहो, त्यांना काय वाटणार? जेवण दुसऱ्यानं जेवायचं आणि मीठ कसं झालंय ते शेजाऱ्याला विचारायचं!

मी न राहवून बोललो, “एक मिनिट. ही गाडी घेतल्यावर चालवणार कोण?”

“तिवारी,” प्रवीण म्हणाला. जणू मी काहीतरी बावळट विचारलं होतं.

“आणि मजा कुणाला येणार?”

तिवारीच म्हणाला, “साहब, मुझे तो बिलकुल नहीं आया. सर छत को लगता है.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जनूभाऊंना एकट्याला बोलावलं. म्हटलं, रस्ता तुमचा, हात तुमचा, दोन्ही गाड्या तुम्हीच चालवायच्या. मी शेजारी बसणार आणि तोंड बंद ठेवणार. भाईंदरहून मुर्धा, राई, मोर्वा करत डोंगरीपर्यंत, तिथून पुढे पालीच्या अलीकडे जिथं गल्ल्या चिंचोळ्या होतात तिथवर, आणि परत.

आधी लाल गाडी. खरं सांगतो, गाडी म्हणून ती उत्तम होती. आधी पेट्रोल आणि हवेचं मिश्रण कार्बोरेटर नावाची डबी करायची, तिच्यात कचरा अडकला की गाडी रुसायची. नव्या गाडीत ते काम कॉम्प्युटर करतो, रुसवे नाहीत. पॉवर स्टिअरिंग एका बोटानं फिरतं. ब्रेक असे की पुढे म्हैस आली तरी चाकं लॉक न होता गाडी सरळ थांबते. पहाटे गुजरातच्या हायवेवर न्यायची असती तर मी डोळे मिटून हीच घ्या म्हटलं असतं. पण आमच्या रस्त्यावर ती दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. जरा पाय दाबावा तोवर समोर रिक्षा, सायकल, मासळीच्या टोपल्या घेऊन बायका. राईच्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासलं, तेव्हा आवाज ऐकून जनूभाऊंनी असा चेहरा केला, जणू त्यांचंच पोट खरवडलं गेलं.

“चांगली हाय,” ते म्हणाले. “पन ही सगलं सोताच करते. मना काय ठेवत न्हाय.”

मग जुनी. क्लच जड, स्टिअरिंग जड, ब्रेक मारायचा तर आधीपासून विचार करावा लागतो. त्या गाडीत खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागतो, मध्ये अॅक्सिलरेटरला हलकासा टोला द्यावा लागतो. नाहीतर गिअर किंचाळतात. मी हे सांगायला तोंड उघडलं, पण मोर्व्याच्या वळणावर जनूभाऊंच्या पायानं ते आधीच केलं होतं. मिठाचा ट्रक तसाच चालवायचे ते. इतक्या वर्षांनी पायाला आठवलं. वळणातून गाडी बाहेर पडली तेव्हा स्पीड होता चाळीस, वाटत होता ऐंशी. खड्डा आला की हाताला कळत होतं, कुठल्या चाकाखाली आला ते. मिठागरावरचा वारा तोंडावर येत होता आणि बासष्ट वर्षांचा माणूस मोठ्यानं हसत होता.

माझ्या मते चालवण्याची मजा म्हणजे हीच. गाडी किती पळू शकते याच्यावर ती नसते. ती जेवढी पळतेय तेवढ्यात तुमचा हात किती आहे, याच्यावर असते. नव्या गाडीची मजा ज्या स्पीडला सुरू होते, तो स्पीड आमच्याकडे फक्त अॅम्ब्युलन्सला मिळतो, आणि तिलाही नेहमी मिळत नाही.

“हीच,” परत आल्यावर जनूभाऊ म्हणाले. “पन घरी पटवा.”

आणि त्याच संध्याकाळी, मी शेवटची तपासणी करत असताना, प्रवीण चेसिस सडवायला आला.

मी नाही म्हटल्यावर त्यानं पवित्रा बदलला. “अंकल, पप्पांना काय झालं म्हणजे? या वयात कशाला चालवायची?”

“काल हाच प्रश्न तिवारीला विचारलास का? तोही साठीचा आहे.”

“तो ड्रायव्हर आहे.”

“आणि तुझे वडील तरुणपणी कोण होते?”

तो गेला. मी दुसऱ्या दिवशी पाटलांच्या ओटीवर सगळ्यांसमोर जसं होतं तसं सांगितलं. जुनीचा सांगाडा उत्तम, कार्बोरेटरची कटकट राहील, जनूभाऊंच्या हाताला हीच बसते. लाल गाडीत दोष नाही, पण तुमच्या रस्त्याला ती नको. आणखी एक गोष्ट मुद्दाम, सावकाश, दोन बोटं दाखवून सांगितली, “तिच्यात दोनच सीटा आहेत. दोनच. लग्नाचा विचार करताय तर हे लक्षात असू द्या.”

“दोघंच तर बसनार,” थोरले काका म्हणाले. “नवरा न् नवरी.” सगळे हसले. मी आणखी फोड करून सांगितलं नाही. मला तेव्हा खरंच राग आला होता.

जनूभाऊ बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, “पोराचं लगीन हाय. घ्या लाल.” ओटीवरून उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. लोकांसमोर रडणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी थोरल्या काकांच्या मारुतीचा सायलेन्सर फाटलाय असं ओरडून सांगितलं. तो खरंच फाटला होता.

मे महिन्यात नवघरच्या मैदानावर लग्न होतं. मला बोलावणं होतं. डॉक्टरांची हिरवी गाडी अजून विकली गेली नव्हती, आणि अशा गाड्या उभ्या राहिल्या की बिघडतात. म्हणून मी ती घेऊनच लग्नाला गेलो. लाल गाडी मोगऱ्यानं मढवलेली होती. तिवारी चालवत होता, शेजारी मुंडावळ्या बांधलेला प्रवीण. उतरला तेव्हा मोबाइलवर फोटो काढायला झुंबड उडाली. सगळं त्याच्या मनासारखं झालं.

लग्न लागलं, जेवणं झाली, दिवस कलला. नवरी निघाली. प्रवीणनं तिचा हात धरून तिला लाल गाडीपाशी आणलं, दार उघडलं आणि तिथंच थांबला. एका सीटवर तिवारी. उरली एकच.

मागची गर्दी त्या एका सीटकडे बघायला पुढे सरकली.

“तू उतर, मीच चालवतो,” प्रवीण तिवारीला म्हणाला.

आत्या पुढे झाली. “न्हाय. हलद लागलेल्या पोरानं चाकाला हात लावायचा न्हाय. आपल्यात चालत न्हाय.”

“मग हिला ट्रेनमध्ये पाठवू का?”

घरची जीप आणि थोरल्या काकांची मारुती करवल्या आणि रुखवत घेऊन केव्हाच राईला रवाना झाल्या होत्या. थोरले काका म्हणाले, नवरीला रिक्षात बसवा, नवरा गाडीतून येईल. हे ऐकून नवरीच्या आईचा चेहरा जो झाला, तो मी विसरणार नाही. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो हा. चार महिन्यांपूर्वी त्यांच्याच ओटीवर मी बोटं दाखवून दोन म्हणालो होतो!

जनूभाऊ माझ्याकडे आले. “सामंत, हिरवी आनलीय का?”

“आणलीय.”

प्रवीण धावत आला. “अंकल, किल्ली द्या. तिवारी चालवेल.”

“देणार नाही,” मी म्हणालो. मला आवाज खाली ठेवायचा नव्हता आणि मी ठेवला नाही. “गाडी माझ्या ताब्यात आहे. एकच माणूस चालवेल. नाहीतर रिक्षा बघ.”

प्रवीणनं वडिलांकडे पाहिलं. नवऱ्याचा बाप ड्रायव्हर होणार, तेही हजार लोकांसमोर. तेवढ्यात नवरी हिरव्या गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. “पप्पा, छप्पर उघडं ठेवा,” ती म्हणाली. “मला वारा पाहिजे.”

जनूभाऊंनी फेटा काढून माझ्या हातात दिला, किल्ली घेतली आणि स्टिअरिंगवर बसले. प्रवीण मागे बायकोशेजारी मावला, कसाबसा. निघताना जनूभाऊंनी पहिला गिअर इतका अलगद टाकला की मला ऐकूही आला नाही. बाहेर पडता पडता लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून तिवारी एकटाच, मोगऱ्यानं मढलेल्या लाल गाडीत, डोकं छताला लावून.

दुसऱ्या दिवशी जनूभाऊंचा फोन आला. “सामंत, त्या डागदरला सांगा, गाडी परत येनार न्हाय.” पुढच्या महिन्यात लाल गाडी विकायला माझ्याकडे आली. ती मी वसईच्या एका तरुणाला दिली. तो एकटा राहतो, हायवेवर हिंडतो आणि स्वतः चालवतो. त्याला ती शोभते.

जुनी चांगली की नवी, असं लोक मला अजून विचारतात. मी उलट विचारतो, चालवणार कोण? याचं उत्तर येईपर्यंत मी गाडीचं बॉनेटसुद्धा उघडत नाही.