ओ दिली!

"ओ दिली गं, ओ दिली!" काचेच्या बशीचं झाकण उचलून बाई ओरडल्या की अख्ख्या कॉलेजला कळायचं, आज जीवाणू बोलले.

नव्वदच्या दशकाची अखेर. डोंबिवलीच्या कॉलेजात बाई आणि मी, आम्ही दोघी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. तुम्ही म्हणाल, जीवाणू कसले बोलतायत! मीही तेच म्हणायचे. पण बाईंकडे एक जीवाणू होता, त्याला त्या 'मुकी' म्हणत. मुकीला स्वतःला हाक मारता येत नसे, ऐकू मात्र येई. शेजारच्या जीवाणूंनी सोडलेलं रसायन पोचलं की ती जांभळी व्हायची, तीच तिची ओ. एकटी असली की पांढरीफटक. चोंबडी शेजारीणच म्हणा ना!

बाई ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळ्याची लेक. वडील होडीतून हाक द्यायचे, आई काठावरून ओ द्यायची. त्याच खाडीच्या चिखलातले जीवाणू एकमेकांना हाका मारतात, हे त्यांना पीएचडीत सिद्ध करायचं होतं. लोक म्हणत, "बाई, कचरा पडला असेल बशीत." बाई म्हणत, "पडू दे. मुकी खोटं बोलत नाही."

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला आलेले सर म्हणाले, "फोटो नकोत, बशीच दाखवा." बाईंनी झाकण उचललं. सगळं पांढरं! एवढ्या वर्षांची मेहनत मातीत गेली की हो!

तेवढ्यात आमचे शिपाईमामा पुढे आले. "थंडी पडली म्हणून मीच काल बश्या उबेच्या कपाटात ठेवल्या. लेकरं गारठली असती."

ते कपाट माणसाच्या अंगाइतकं गरम. मुकीला तेवढी ऊब सोसत नाही, तिला माठाशेजारची फळीच बरी. मी मामांवर जाम भडकले. बाई म्हणाल्या, "राहू दे गं, माया केली त्यांनी." मग सरांकडे वळल्या. "लेकरांना ताप चढलाय, सर. मी नव्याने लावते, परवा या. ओ आली नाही तर पदवी नको मला."

सर आले. खाडीच्या जीवाणूंशेजारी मुकी जांभळीजर्द! सरांनी एकट्या मुकीची बशी मागितली. ती पांढरी. "अभिनंदन, डॉक्टर," सर म्हणाले. पेढे मामांनीच आणले. आणि मी? जणू मलाच पदवी मिळाली, अशी मिरवत घरी गेले.

बाई गेल्या, त्यानंतरची गोष्ट. मुलींनी लावलेली बशी जांभळी झाली. मामांनी सवयीने बाहेर जाऊन हाक मारली, "बाईऽ, या लवकर, ओ दिली!" आणि जीभ चावून तिथेच उभे राहिले.

पण आमच्याकडे शिकवणाऱ्या तिघी आता बाईंच्याच विद्यार्थिनी. त्यांनाही सगळे बाईच म्हणतात. तीन वर्गांतून एकदम आवाज आला, "ओऽ!"