तु-कु, तु-कु आणि माझी शेवटची सलामी

बँडमध्ये शिरलेल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. गिरणीतल्या पिठासारखे ते आपोआप अंगावर येऊन बसतात. गाझियाबादला आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाचा ब्रास बँड होता. वाजवणारे आम्ही सगळे सरकारी बाबू आणि शिकवायला फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले मास्टरजी, दर रविवारी पानिपतहून ट्रेनने येणारे. हे किस्से ऐकून लोक हसतात. माझं मात्र अजून डोकं फिरतं!

गणपतीच्या उद्घाटनाला आमच्याकडे ट्रम्पेटची सलामी असायची. एकट्याने वाजवायची. दरवर्षी तो मान बँडमधल्या गायकवाडचा. त्या वर्षी मला तो हवा होता, कारण मी रिटायर होऊन नाशिकला परतणार होतो. पुढचा गणपती इथे नव्हता.

मास्टरजींनी एकच अट घातली. "डबल टंगिंग आ गई तो देवधर, नहीं तो गायकवाड़."

डबल टंगिंग म्हणजे भरभर सूर काढण्यासाठी फुंकताना जिभेने "तु-कु, तु-कु" म्हणत राहायचं. तु जिभेच्या शेंड्याने, कु मागून, घशाजवळून. माझा तु वाघ आणि कु शेळी!

*

मास्टरजी म्हणाले, बाजा हातात नसला तरी जीभ चालू ठेवा. मी ऑफिसच्या चार्टर्ड बसमध्ये डोळे मिटून, आवाज न काढता तु-कु करू लागलो. शेजारचे शर्माजी काही दिवस नुसते माझ्या ओठांकडे बघत होते. एक दिवस हळूच म्हणाले, "देवधरजी, मंत्र नहीं पूछूँगा, वो बताते नहीं. पर असर करता है?"

मी वैतागून म्हटलं, "अभी तक तो नहीं."

"फिर गुरु बदल लो!"

*

गायकवाड बिचारा मदतीला आला. तो लहानपणी अहमदनगरला चर्चच्या बँडमध्ये वाजवायला शिकला होता. "अरे देवधर, सोप्पंय यार. विचार करायचा नाही, की आपोआप येतं."

विचार न करता तो काय काय करू शकतो, ते आम्ही ऑफिसात एकाच सेक्शनमध्ये बसून रोज बघत होतो!

*

मग मास्टरजींनी फर्मान काढलं, "हफ़्ता भर सिर्फ़ कु." तु बंद. रोज संध्याकाळी मी बाल्कनीत बसून कु-कु-कु करायचो. ट्रम्पेटमधून जो आवाज निघायचा तो मलाच ऐकवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी समोरच्या चड्ढा आंटी मुलेठी, म्हणजे आपलं ज्येष्ठमध, घेऊन आल्या. "भाईसाहब की खाँसी तो जा ही नहीं रही!" बायकोने खुलासा करायचा की नाही? तिने मुलेठी ठेवून घेतली, वर चहा पाजला आणि आत येऊन मला म्हणाली, "खोकलाच समजू दे त्यांना. लोक सहानुभूती तरी दाखवतील."

*

गणपतीच्या आदल्या रविवारी कु अचानक आला. सलग, स्वच्छ, तु-कु-तु-कु! माझे डोळे भरून आले. मास्टरजींनी घड्याळ बघितलं. "ठीक है, देवधर बजाएगा. मेरी ट्रेन का टाइम हो गया."

*

उद्घाटनाचा दिवस. प्रमुख पाहुणे कुठल्याशा मंत्रालयातले मोठे साहेब. मंडळाची रीत अशी, की पाहुणे गेटमधून आत आले की सलामी सुरू, आणि ते खुर्चीवर बसेपर्यंत थांबायचं नाही. गायकवाड दरवर्षी दोनदा वाजवायचा आणि मोकळा व्हायचा.

साहेब आत आले. मी सुरू केलं. काय वाजलं म्हणून सांगू! सूर नुसते भरभर धावत होते. बायको पहिल्या रांगेत ताठ बसली होती.

साहेबांनी पहिल्या खुर्चीला नमस्कार केला. दुसरीवरच्या आजोबांना गुडघ्याचं विचारलं. तिसरीवर त्यांना जुन्या ऑफिसातले कोणी भेटले आणि दोघांनी ट्रान्सफरचा विषय काढला! मी सलामी पुन्हा सुरू केली. पुन्हा. आणि पुन्हा. ओठ बधिर, जीभ लाकूड झाली. मास्टरजी कोपऱ्यातून हाताने सांगत होते, चालू, चालू! साहेब मांडवाशी आले आणि चपला काढायला वाकले. नव्या सँडल, पट्टा निघेना!

शेवटी एकदाचे बसले. मीही बसलो, जिथे उभा होतो तिथेच.

साहेबांनी माईक हातात घेतला. "बहुत सुंदर आयोजन है. बस, वो ट्रम्पेट वाले भाईसाहब..." आणि माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाले, "आपको कहीं जाने की जल्दी थी क्या?"