ह्यांच्या गाडीचा दिवा

मंडळी, लिहिताना चुकलं तर पोटात घाला, मी चौथीच शिकले.

आमचे हे गेल्यापासून मला काही वाटेनासंच झालंय. भाजीत मीठ आहे का नाही, तेही कळत नाही. ह्यांची जुनी गाडी अंगणात उभी आहे. ह्याच गाडीतून ते मला देवासहून धारला, माहेरी न्यायचे. पुढचा एक दिवा लोंबकळतोय, त्याला धरणारे प्लास्टिकचे कान तुटलेत. सकाळी मुलगा म्हणाला, "आई, उद्या कबाडीला देऊन टाकतो." मी म्हटलं, "दे." तेही मनाला लागलं नाही.

दुपारी सूनबाई दिवा काढून बसली. "आई, खायचा सोडा द्या."

"गाडीची भजी करतेस की काय?"

तिनं तुटके कान झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडले, वर सोडा भुरभुरवला, तर दगडासारखे घट्ट! माझा ढोकळा मात्र त्याच सोड्यानं कधी धड फुगला नाही.

तिन्हीसांजेला तिनं दिवा गाडीत परत बसवून लावला. उजेड तुळशीवर पडला आणि माझे हात आपोआप जोडले गेले.

"आई, हेडलाइटला नमस्कार?"

मी हसले हो, कितीतरी दिवसांनी. मुलाला सांगितलं, "गाडी कुठं जायची नाही."

तुमच्याकडे दिवा लागला की अजून हात जोडतात का?